क्लाऊड डेस्कटॉप घ्यावा का? चिपळूणला काजूचं युनिट आहे, पावसाळ्यात नेटचं काय

काजूगर७:
मंडळी, चिपळूणला आमचं काजू प्रोसेसिंगचं छोटं युनिट आहे, ऑफिसात सहा जण. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आत शिरलं तेव्हा सर्व्हर बुडाला, आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच कपाटात खालच्या खणात, म्हणजे बॅकअपसकट गेलं. ओल्या चलनबुकाची पानं इस्त्रीने वाळवून टॅलीत परत एंट्र्या मारल्यात आम्ही. आता विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तीन पीसी इतके जुने की विंडोज ११ घेतच नाहीत. सप्लायर म्हणतो नवे पीसी नकोच, क्लाऊड डेस्कटॉप घ्या, वर एआय असिस्टंट पण घ्या. भाऊ म्हणतो नेट गेलं की मग काय पत्ते कुटायचे? कोणी वापरतंय का?

खाडीकाठचा:
आम्ही वापरतो, रत्नागिरीत, चार जण. पीसी फक्त खिडकी, खरा विंडोज मायक्रोसॉफ्टच्या डेटा सेंटरला. त्यांचं एक पुण्यातच आहे, सप्लायरला तेच रिजन द्यायला सांगा, म्हणजे माऊस मागे रेंगाळत नाही. स्पीड म्हणाल तर टॅली-मेलसारख्या हलक्या कामाला माणशी दीड एमबीपीएस पुरे असं कंपनीच सांगते, सहा जणांना ९-१० झाले, फायबरला काहीच नाही. जुन्या पीसीवर लिनक्स टाकून ब्राऊझरमधून उघडा, चालतं. डोकेदुखी वेगळीच, डीएससीचा (डिजिटल सहीचा) यूएसबी टोकन आणि चलनाचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. टोकन इथे खोचायचा आणि तो तिकडच्या विंडोजला दिसला पाहिजे, दोन दिवस गेले त्यात. पैसे देण्याआधी सप्लायरला समोर बसवून सही आणि एक चलन काढून घ्या.

कुडाळकर:
आमच्याकडे लाईट गेली की रेंज पण जाता, मग कसलो क्लाऊड नि कसलो काय 😄 चेष्टा सोडा, पण राऊटरला वेगळा छोटा यूपीएस लावा आणि फायबरसोबत दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटला की चार तास धरूनच चाला. गेटवर ट्रक उभा असताना बिल अडायला नको, ते काम एका लोकल पीसीवरच ठेवा.

हिशोबनीस:
एआयचं माझ्याकडून ऐका. कोपायलट, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा एआय असिस्टंट, चांगला आहे, एक्सपोर्टरला इंग्रजी मेल झकास लिहितो, पण आकडे तपासल्याशिवाय पाठवू नका, माझ्या मेलमध्ये त्याने टिनाची संख्या स्वतःच्या मनाने टाकली होती. आणि एक गंमत, तो ज्याला जी फाईल उघडता येते ती सगळी वाचतो. आमची पगाराची शीट कॉमन फोल्डरमध्ये पडली होती, नव्या पोराने सहज विचारलं ‘मागच्या महिन्याचा खर्च सांग’ तर याने सगळ्यांचे पगार मांडून दिले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पॅकिंगच्या बायकांनाही कळलं होतं. आधी फोल्डरच्या परमिशन लावा, मग एआय.

काजूगर७:
पगाराचं वाचून भावाला घाम फुटला, आमची शीट पण कॉमन फोल्डरलाच आहे 🙈 क्लाऊड डेस्कटॉपच्या दोनच सीट घेतोय, अकाउंट्सची आणि माझी, जून उजाडायच्या आत. बिलाचा पीसी लोकलच, पण यावेळी माळ्यावर. एआय सध्या नको. खाडीकाठचा, तुमच्या टोकनला ड्रायव्हर इथे टाकला की तिकडे?

खाडीकाठचा:
दोन्हीकडे. तेच तर दोन दिवस कळत नव्हतं.