विषय: २६ जानेवारी – नाटुकलीतली गुजराती घोषणा

मंडळी,
शनिवारी तालीम आहे, उत्तर आजच हवंय. शिरीषकुमारच्या तोंडी ‘नहीं नमशे’ (झुकणार नाही) ठेवायचं की नाही? दोन पालकांचं म्हणणं, सिडनीच्या मराठी मंडळात गुजराती कशाला. त्यात शिरीषकुमारचं काम करणारा आमचा पोरगा विचारतोय, सरकारी सुट्टी कुठल्या २६ जानेवारीची, आपल्या की त्यांच्या? म्हटलं, आधी पाठांतर कर.
– प्रीती

प्रीती, घोषणेला हात लावायचा नाही. पोराच्या घरात गुजराती होती, तो त्याच भाषेत ओरडला. ९ सप्टेंबर १९४२, नंदुरबार, ब्रिटिश राजवटीच्या पोलिसांच्या गोळीनं गेला, वय पंधरा. आणि त्याच्याबरोबर गेलेले लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम ही नावंही घ्या. गेल्या खेपेला ‘वेळ नाही’ म्हणून गाळली होती, मी विसरलो नाही. आमच्या गावात दुकानात गुजराती ऐकू येते, म्हणून आम्ही मराठी नाही का?
– नाना

नाना, घोषणा ठेवा हो. पण १९४२चा २६ जानेवारीशी संबंध काय? ही तारीख काँग्रेसच्या लाहोरच्या पूर्ण स्वराज्याच्या ठरावानंतरची, १९३० साली त्या दिवशी देशभर स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९लाच स्वीकारली होती, पण प्रजासत्ताकासाठी ती जुनी तारीख धरली. मग फैजपूर का नाही? १९३६, काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू. माझी आजी बैलगाडीनं गेली होती. नेहरू दिसलेच नाहीत, वर गर्दीत चप्पल हरवली.
– बापू

बापू, ती चप्पल आम्ही दरवर्षी ऐकतो. मागच्या वेळी तुमच्या फैजपुरापायी भरीत गार झालं.
प्रीती, पोराला गप्प का केलंस? १७८८ साली ह्याच तारखेला ब्रिटिश कप्तान फिलिपनं इथे सिडनीत ब्रिटिश झेंडा लावला, त्याची ही सुट्टी. १९३८ला दीडशे वर्षांचा सोहळा चालू असताना मूळ रहिवाशांनी ह्याच शहरात शोकदिन पाळला. मला अकरा वर्षं इथे राहून हे लेकीच्या वहीतून कळलं! शिरीषकुमार ज्यांच्यापुढे नमला नाही, त्यांचाच झेंडा. एवढं सांग, मग बघ पाठांतर.
– अक्का

अक्का, सांगितलं. “त्यांचाच?” असं तीनदा विचारलं त्यानं. घोषणा राहील, पाचही नावं राहतील. बापूंना चार मिनिटं, घड्याळ नानांकडे.
आता मुख्य. त्या दिवशी आगबंदी लागली तर पार्कात काड्यांवर वांगी भाजता येणार नाहीत. चाळीस वांगी कोणाच्या ओव्हनमध्ये?
– प्रीती

ओव्हनमधल्याला भरीत म्हणू नका.
– बापू