पर्थचे किंग्ज पार्क : इतिहास नेमका कुठे पाहावा?

प्रश्न
पुढच्या महिन्यात आई-बाबा पुण्याहून पर्थला येत आहेत. बाबांना इतिहासाची आवड असल्यामुळे टेकडीवरच्या किंग्ज पार्क या उद्यानाच्या कठड्याशी उभे राहून स्वान नदीची छायाचित्रे काढण्यावर त्यांचे समाधान होणार नाही. या टेकडीचा जुना इतिहास प्रत्यक्ष कुठे पाहता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
सुरुवात पायथ्यापासून, माउंट्स बे रोडवरून करावी. इथले मूळ रहिवासी असलेले वाजुक नूंगार लोक या टेकडीला कार्टा गारअप म्हणतात. वागल या महासर्पाने नदी घडवली, अशी त्यांची श्रद्धा असून पायथ्याचे गूनिनिनप हे झऱ्याचे ठिकाण ते पवित्र मानतात. १८२९ मध्ये इंग्रजांची वसाहत झाली आणि पुढे याच ठिकाणी बिअरचा कारखाना उभा राहिला. त्याच्या पुनर्विकासाविरुद्ध नूंगार लोकांनी १९८९ मध्ये तिथेच तळ ठोकला होता. जुनी इमारत आजही आहे. वरच्या कठड्यावरून यातले काहीच उमगत नाही, याची मला फार खंत वाटते.

प्रतिसाद २
वरच्या रानाबद्दल थोडी भर घालतो. ते अस्पर्श अरण्य आहे असे अनेकांना वाटते, परंतु वसाहतीच्या सुरुवातीच्या काळात इथल्या जॅरा वृक्षांची तोड झाली होती. सर्व्हेअर-जनरल माल्कम फ्रेझर यांच्या आग्रहामुळे गव्हर्नर वेल्ड यांनी १८७२ मध्ये सुमारे १७५ हेक्टर जागा राखून ठेवली. ती १८९० मध्ये सुमारे ४०० हेक्टर झाली. १८९५ मध्ये खुले झालेले ‘पर्थ पार्क’ सातवा एडवर्ड गादीवर आल्यानंतर, १९०१ मध्ये, ‘किंग्ज पार्क’ झाले.

प्रतिसाद ३
१९२९ चे युद्धस्मारक सगळेच पाहतात. तुम्ही मे ड्राइव्हवर अवश्य चालत जा. १९१९ पासून तिथे एकेका मृत सैनिकाच्या नावे एकेक झाड लावले गेले आणि बुंध्याशी त्याचे नाव, तुकडी, वय व मृत्यूचे ठिकाण सांगणारी पाटी बसवली गेली. सुरुवातीला लावलेली ओक आणि प्लेन ही झाडे इथल्या रेताड जमिनीत व कोरड्या उन्हाळ्यात नीट तगली नाहीत, म्हणून पुढे निलगिरीच्या जातीची झाडे लावण्यात आली. पाट्यांवरची वये वाचताना विशी-बाविशीची मुले इतकी भेटतात की पाय पुढे उचलत नाही.

वेळ उरला तर गीजा जुमुलू हा बाओबाबही बाबांना दाखवा. रस्त्याच्या कामात आडवा येत असलेला हा वृक्ष २००८ मध्ये तिथल्या मूळ रहिवासी गीजा लोकांच्या संमतीने राज्याच्या उत्तरेकडील वॉर्मनहून ३,२०० किलोमीटरचा प्रवास करून इथे आणण्यात आला.