मदत हवी आहे: पगार तिचा, पण एटीएम आणि ओटीपी नवऱ्याकडे

शेवंती: मैत्रिणीसाठी विचारते आहे. ती पुण्यात खासगी कंपनीत नोकरी करते. पगार खात्याचं कार्ड आणि नेटबँकिंगचा पासवर्ड नवऱ्याकडे, खात्याला जोडलेलं सिमही त्याच्याच नावावर. रिक्षाच्या पैशांचासुद्धा हिशेब द्यावा लागतो. तिच्या नावे वैयक्तिक कर्ज काढून घेतलंय, कोऱ्या चेकांवर सह्या घेतल्यात, दागिने सासूबाईंच्या कपाटात. मारहाण नाही, म्हणून "तक्रार कशाची करू?" म्हणते. बाहेर पडायचं आहे. सुरुवात कुठून करावी?

शाईपेन: मारहाण नसली तरी तक्रार होते. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम ३ मध्ये आर्थिक छळ वेगळा धरला आहे. हक्काचे पैसे अडवून ठेवणं, स्त्रीधन परस्पर विकणं, हे त्यात येतं. नवरा पैशांचा व्यवहार बघतो एवढ्यावरून छळ ठरत नाही. तिला शिल्लक दिसते का, आणि "नाही" म्हटल्यावर काय होतं, हे बघा.

तांबडंफुटलं: बँकेचं मी लिहिते. यात क्रम चुकला की सगळं उघडं पडतं.

आधी तिच्या स्वतःच्या नावावर नवीन सिम. सिम नवऱ्याच्या नावावर असेल तर तो डुप्लिकेट काढून ओटीपी स्वतःकडे वळवू शकतो. मग नवीन खातं, पण दुसऱ्या बँकेत. त्याच बँकेत उघडलं तर सहसा एकाच ग्राहक क्रमांकाखाली जातं आणि नवऱ्याकडच्या अ‍ॅपमध्ये दिसतं. ही चूक फार जणींकडून होते. कार्ड आणि चेकबुक टपालाने घरी येतं, तेव्हा ते शाखेतूनच घ्यायची सोय आहे का, हे अर्ज भरतानाच विचारा. आयकराच्या पोर्टलचा पासवर्ड त्याच्याकडे असेल तर वार्षिक माहिती पत्रकात नव्या खात्याचं व्याज दिसू शकतं, म्हणून वेळ साधून तोही बदला.

पगाराचं खातं शेवटी बदला, घर सोडायची तारीख ठरल्यावर. कंपनीत पगाराची यादी कोणत्या तारखेला बंद होते ते आधी विचारून ठेवा. आणि कर्जाचा हप्ता जुन्याच खात्यातून कापला जातो हे विसरू नका. पगार हलवला आणि हप्ता परत गेला तर सिबिल (कर्जफेडीची पत) तिचं बिघडतं, कारण कागदावर कर्जदार तीच आहे. हप्त्यापुरते पैसे तिथे ठेवा. कर्ज खात्याचा उतारा आणि रक्कम जिथे जमा झाली त्या खात्याचा उतारा, दोन्ही घ्या. पैसे पुढे कुणाकडे गेले ते त्यात दिसतं, तो पुरावा आहे. कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही क्रेडिट संस्थांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तिच्या नावे आणखी कर्ज आहे का, ते त्यात कळेल.

शेवंती: आणि ते कोरे चेक?

तांबडंफुटलं: जुन्या खात्याचा मोबाइल नंबर शाखेत जाऊन बदलल्यावरच स्टॉप पेमेंट (ते चेक वटवू नका अशी बँकेला सूचना) द्या, नाहीतर संदेश त्याच्याकडे जाईल. चेकचे क्रमांक बँकेकडून मिळतात. नुसत्या स्टॉप पेमेंटने कलम १३८ चा, म्हणजे चेक न वटल्याच्या खटल्याचा, धोका टळत नाही, म्हणून कोऱ्या सह्या कशा घेतल्या ते पोलिसांत लेखी देऊन पोच घ्या. नोटीस आली तर १५ दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर.

शाईपेन: दागिन्यांचे लग्नातले फोटो आणि पावत्या ईमेलवर ठेवा, पण नव्या ईमेलवर. जुना त्याच्या फोनमध्येही उघडा असू शकतो.

कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज त्याच कायद्याने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे करता येतो. कलम १८ खाली खाती आणि लॉकर हाताळायला मनाई मागा, १९ खाली राहण्याचा हक्क आणि स्त्रीधन परत, २० खाली खर्च. २३ खाली अंतरिम आदेश पहिल्याच अर्जात मागा, कारण कायद्यात ६० दिवस लिहिले असले तरी निकाल लांबतो. महिलेला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा त्यांच्या १५१०० या हेल्पलाइनला फोन करा. रात्री-अपरात्री निघावं लागलं तर महिला हेल्पलाइन १८१. आणि हे फोन तुमच्या मोबाइलवरून करा, तिच्या नव्हे.