कोड एआयचा, शिव्या मला

पर्वरीकर
बरेच दिवस मनात आहे ते लिहून टाकतो, पटलं नाही तर हाणा. घरून काम करतो, कोड लिहायला लागून बारा वर्षं झाली, दिवसा पुण्याच्या एका कंपनीचं आणि संध्याकाळी इथल्या ओळखीच्यांची किरकोळ कामं. कोड लिहून देणारी एआय टूल, कोपायलट २०२२ पासून वापरतोय, आता क्लॉड कोड, म्हणजे मी काही विरोधक वगैरे नाही.

तर कळंगुटजवळच्या एका गेस्ट हाऊसला बुकिंगचं सॉफ्टवेअर करून दिलं. तारखांचा सगळा भाग एआयकडून लिहून घेतला, कोड बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या टेस्ट पण त्यानेच लिहिल्या, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. डिसेंबरात, ऐन सीझनला, रिसेप्शनवरच्या मुलीने २४ तारखेची खोली दिली आणि सिस्टीममध्ये पडली २३. पाहुणे बॅगा घेऊन दारात आणि खोलीत दुसरेच. मालकाचा फोन आला तेव्हा मी म्हापशाच्या बाजारात सुके बांगडे घेत होतो, जे ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

झालं काय होतं, तर कोड ब्राउझरमधून तारीख घेत होता, म्हणजे आपल्याकडच्या रात्री १२ ची, आणि सेव्ह करताना तिला टू-आयएसओ-स्ट्रिंग हे तारखेचा मजकूर करणारं फंक्शन लावून पहिली दहा अक्षरं कापत होता. ते फंक्शन वेळ देतं यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. आपण साडेपाच तास पुढे, मग २४ ची मध्यरात्र तिकडे २३ च्या संध्याकाळचे साडेसहा. टेस्ट चालायच्या सर्व्हरवर आणि सर्व्हर यूटीसीतच, तिथे चूक दिसणार कशी. गंमत म्हणजे इंग्लंडहून बुक करणाऱ्यांचं सगळं बरोबर, कारण हिवाळ्यात त्यांचं घड्याळ आणि यूटीसी एकच. रशियन आणि आपली माणसं तेवढी एक दिवस मागे.

दुरुस्ती दोन ओळींची होती पण शोधायला चार तास गेले. आणि खरी बोच ही की हा बग मला माहीत होता! २०१६ ला मी स्वतः हाच करून ठेवला होता, दोन रात्री जागलो होतो. तरी यावेळी तीच ओळ डोळ्यांखालून गेली आणि मी ओके दाबलं. स्वतः लिहिताना हात जिथे अडखळतो ना, तिथे वाचताना डोळा अडखळत नाही. दोन रात्री जागून मिळालेलं असं पाण्यात गेलं, मग जी पोरं कधी जागलीच नाहीत त्यांचं काय?

नारळपाणी
बाब, राग मानू नको पण तूच लिहितोस की २०१६ ला हाच बग तू केलास. मग एआय तुझ्यापेक्षा वाईट कसा? आणि तो शिकला कुठून, आपल्यासारख्यांनीच नेटवर टाकलेल्या उत्तरांतून. तेव्हा आपण स्टॅक ओव्हरफ्लोवरून, त्या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरून, कोड उचलायचो, तेव्हा कोण ओळ न ओळ वाचत होतं? मी तरी नाही. रिव्ह्यू केला नाहीस, टेस्ट आपल्या टाइमझोनमध्ये एकदा चालवून बघितली नाहीस, एवढाच विषय आहे.

पर्वरीकर
उचलताना निदान तिथलं भांडण वाचायला लागायचं, खाली कोणीतरी लिहिलेलं असायचं की हे उत्तर अमुक ठिकाणी फसतं. इथे भांडणारा कोणीच नाही, सगळं गोडीगुलाबीत.

जुनाखांब
जुलै २०२५ मध्ये मेटर नावाच्या संस्थेचा अभ्यास आला होता, १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर, २४६ कामं. एआय घेऊन त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला आणि काम झाल्यावर त्यांना विचारलं तर म्हणाले आम्ही २० टक्के लवकर केलं. म्हणजे आपल्याला जे फास्ट वाटतं त्यावर भरवसा नको.

नारळपाणी
तो अभ्यास सगळे अर्धाच सांगतात. ती माणसं वर्षानुवर्षं स्वतः सांभाळलेल्या मोठ्या प्रोजेक्टवर काम करत होती, आपल्या घरात अंधारात पण स्विच सापडतो तसं. मी परक्या घरात शिरतो तेव्हा मला टॉर्च लागतो. शिवाय टूल २०२५ च्या सुरुवातीची.

भुईपालची
मी थर्ड इयरला आहे, म्हणजे ती न जागलेली पोरं म्हणजे आम्हीच 🙂 माझं दहावीपर्यंत मराठीत झालं, कॉलेजात पहिले सहा महिने वर्गात हात वर केला नाही कारण इंग्रजीत प्रश्न जुळवेपर्यंत सर पुढच्या स्लाइडवर. प्रोग्रामिंगमधला पॉइंटर मला एआयने मराठीत समजावला, रात्री दीड वाजता, सात वेळा विचारलं, सातव्यांदा पण वैतागला नाही. तुम्ही २०१६ ला दोन रात्री जागलात तेव्हा ऑफिसात विचारायला कोणी होतं की नाही? आमच्याकडे शेजारी विचारायचं तर काजूच्या झाडाला. तुम्हाला तुमचं जागरण गोड वाटतं कारण नंतर जमलं. ज्यांना नाही जमलं ते लाइनच सोडून गेले, ते इथे लिहायला येत नाहीत.

पर्वरीकर
हे बरोबर बोललीस गं. माझ्याबरोबरचे दोघं असेच गेले, हुशार होते. पण तू समजून घ्यायला विचारतेस, मी काम उरकायला विचारत होतो, टूल एकच असलं तरी फरक आहे.

भुईपालची
असाइनमेंटच्या आदल्या रात्री मी पण उरकायलाच विचारते, खोटं कशाला बोलू.

काउंटरवाला
मी डेव्हलपर नाही, फोंड्यात औषधांचं दुकान आहे. बिलाच्या सॉफ्टवेअरचा माणूस चवथीच्या आठवड्यात फोन उचलत नाही, नंतर म्हणतो नवीन रिक्वायरमेंट आहे, वेगळे पैसे. कंटाळून स्वतःच एआयला मराठीत सांगून सांगून बिलिंग आणि स्टॉकचं बनवून घेतलं, दोन रविवार गेले. २०२५ च्या २२ सप्टेंबरला जीएसटी बदलला, बरीच औषधं १२ वरून ५ टक्क्यांवर आली, मी आदल्या रात्री जेवल्यावर बसून रेट बदलले, सकाळी दुकान चालू. तुमच्यातला कोणी आला असता का रविवारी रात्री? तुमचं हे समजलं पाहिजे, हात अडखळला पाहिजे, हे सगळं तुमच्या धंद्याचं सोवळं आहे. मला बिल छापून पाहिजे.

नारळपाणी
ऐका ऐका 😂

पर्वरीकर
भाऊ, फोन न उचलणाऱ्याबद्दल काही बोलत नाही, आमच्यात तसे आहेत. फक्त एक काम करा. २२ सप्टेंबरच्या आधीचं एखादं बिल, समजा ऑगस्टमधलं, सिस्टीममध्ये परत उघडा. १२ टक्केवालं औषध असलेलं. टॅक्स किती दाखवतो?

काउंटरवाला
गिऱ्हाईक आहे, बघतो थोड्या वेळाने.

काउंटरवाला
५ दाखवतो.

पर्वरीकर
तेच. रेट बिलात साठवलेला नाही, औषधाच्या यादीतून दर वेळी ताजा उचलतोय. म्हणजे तुमची जुनी सगळी बिलं आता ५ टक्क्यांची झालीत.

काउंटरवाला
पण रिटर्न भरले तेव्हा बरोबर होते. छापलेली पण बरोबर आहेत, फाइलला लावलेली.

जुनाखांब
छापलेली टाकू नका भाऊ, तीच वाचवतील.

काउंटरवाला
ठीक आहे, त्यालाच सांगतो दुरुस्त करायला.

पर्वरीकर
थांबा थांबा, आधी बॅकअप घ्या! पेन ड्राइव्हवर. घेतलात की इथे लिहा, मग काय सांगायचं ते मी सांगतो, आणि पैसे नकोत.

भुईपालची
मी पण बघते, मला हे शिकायचंय.

काउंटरवाला
पेन ड्राइव्ह पोराने गाणी भरून ठेवलाय, दुसरा आणायला पाठवलंय.