उन्हाळी सुट्टीत सर्फिंग आणि तंबूतला मुक्काम: पुण्याहून जाणाऱ्या नवशिक्यांनी नियोजन कसे करावे?

कोथरूडकर

नमस्कार. येत्या सुट्टीत सर्फिंग शिकावे आणि त्याच सहलीत तीन-चार रात्री तंबूत काढाव्यात, असा आमच्या घरी बेत शिजतो आहे. आम्ही दोघे, तेरा आणि सोळा वर्षांची दोन मुले आणि माझा मेहुणा असे पाच जण आहोत. मुले टिळक तलावावर पोहायला शिकली आहेत, मेहुण्याला आणि मला बऱ्यापैकी पोहता येते, पत्नीला मात्र येत नाही. तंबूंचा अनुभव पवना धरणाच्या काठापुरताच आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मोटारीने उत्तर गोव्यात जावे, किनाऱ्यावरच तंबू ठोकावेत आणि जवळच्या एखाद्या सर्फिंग शाळेत शिकावे, असे मनात आहे. तारखा, जागा आणि सामान यांबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे. बोर्ड विकत घ्यावा की भाड्याने, हेही कळवावे.

खारेवारे

आपल्या बेतात मला खटकते ती तारीख. मेच्या शेवटच्या आठवड्यात पश्चिम किनाऱ्यावरचा समुद्र पावसाळ्याच्या तयारीला लागलेला असतो. दक्षिण हिंदी महासागरात उठलेल्या लांब पल्ल्याच्या लाटा या काळात आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचतात आणि आकाश निरभ्र असतानाही पाणी एकाएकी चढते. शिवाय वादळांचा हंगाम हाच आहे. 2021 मधील तौक्ते मेच्या मध्यावर किनारपट्टीलगत वर सरकत गेले आणि 2020 मधील निसर्ग 3 जूनला रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. मुरलेल्या सर्फरला याच लाटा हव्या असतात, म्हणून मेअखेरची छायाचित्रे पाहून आपल्यासारखे नवखे लोक फसतात. मुलांच्या परीक्षा आटोपताच, म्हणजे एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात निघावे. निघण्याआधी हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज पाहावा. त्यात लाटांच्या उंचीबरोबरच उसळत्या लाटांचे इशारेही दिलेले असतात.

दिवसातली वेळही महत्त्वाची आहे. उन्हाळ्यात जमीन तापली की साधारण अकराच्या पुढे समुद्रावरून वारा सुटतो, पाणी खडबडीत होते आणि लाटेला आकार राहत नाही. त्यामुळे शिकवणी सकाळी साडेसहा-सातलाच सुरू करावी, दुपार सावलीत काढावी.

बोर्ड मुळीच विकत घेऊ नका. नवशिक्यासाठी आठ-नऊ फुटी, वरून मऊ फोमचा बोर्ड लागतो आणि शाळा तो देतातच. मोटारीच्या टपावर बांधून तो घाटातून नेण्यात काही अर्थ नाही. स्वतःचे काही घ्यायचेच असेल, तर पूर्ण बाह्यांचा लायक्राचा अंगरखा प्रत्येकासाठी घ्या, कारण बोर्डावर पालथे पडून हातांनी वल्हवताना पोट आणि छाती अक्षरशः सोलून निघते.

सुरूच्या बनातून

तारखेबद्दल वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. मुक्कामाबद्दल लिहितो.

किनाऱ्यावरच तंबू हा विचार सोडून द्यावा. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या गोव्यातील किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि मेपर्यंत पिल्ले बाहेर पडत असतात. वाळूवरचा कंदील किंवा टॉर्च पिल्लांची दिशा चुकवण्यास पुरेसा असतो. शिवाय गोव्यात किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करण्यास 2019 पासून कायद्याने मनाई आहे, तेव्हा शेगडी पेटवून पोहे करण्याची हौस दंड भरून फेडावी लागेल. त्याऐवजी किनाऱ्यापासून थोड्या आत, एखाद्या घरगुती निवासाच्या वाडीत परवानगी घेऊन तंबू लावावा. गोडे पाणी, न्हाणीघर आणि जेवण हाताशी असते आणि मासळीचे ताट मिळते ते निराळेच.

वाडीत एक पथ्य पाळावे: नारळाखाली तंबू नको. शहाळ्यांनी लगडलेले झाड दिसायला सुंदर असते, परंतु रात्री वाऱ्याने एखादा नारळ किंवा वाळलेली झावळी खाली आली, तर तंबूचे कापड काय अडवणार? आंब्या-फणसाची सावली शोधावी, तीही वाळक्या फांद्या पाहून. वळवाची सर आणि विजा अचानक येतात, अशा वेळी सरळ घरात जावे.

पवनेच्या काठच्या घट्ट मातीत चालणारे खिळे भुसभुशीत जमिनीत टिकत नाहीत. गोणपाटाच्या छोट्या पिशव्या वाळूने भराव्यात, दोरी त्यांना बांधावी आणि हातभर खड्ड्यात पुराव्यात. वाऱ्याने तंबू फुगला तरी त्या जागच्या हलत नाहीत. तंबू जाळीचा आणि हवेशीर असावा. मेमधील दमट रात्र बंद तंबूत काढणे ही शिक्षा आहे, त्यामुळे चारपैकी एक-दोन रात्री खोलीत झोपण्याची तजवीज ठेवली, तर मुलांचाही उत्साह टिकेल.

मुळाकाठ

गोव्याखेरीज दोन पर्याय सुचवतो. कर्नाटकातील मुलकी हे भारतातील सर्फिंगचे जुने ठिकाण आहे. शांभवी आणि नंदिनी या नद्या तेथे समुद्राला मिळतात. पनवेलहून कोकण रेल्वेने उडुपीपर्यंत जाऊन तेथून खाली उतरता येते, आठशेच्या आसपास किलोमीटर मोटार हाकण्यापेक्षा मला तेच बरे वाटते. दुसरा पर्याय चेन्नईजवळचे कोवलम. जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारा पश्चिम किनारा बंद पाडतो, तेव्हा पूर्व किनाऱ्यावर तोच वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि लाटा व्यवस्थित उभ्या राहतात. सुट्टी लांबलीच, तर हे ध्यानात ठेवावे. मात्र तेथील उकाड्यात तंबूचे नाव काढू नये.

आता वहिनींविषयी. कमरेएवढ्या पाण्यात फुटलेल्या लाटेच्या फेसावर शिकता येते, म्हणून पोहता येत नसले तरी चालेल, असे सांगणारे भेटतील. मला ते पटत नाही. समुद्राचा तळ सपाट नसतो, आणि आत खेचणारा प्रवाह सापडला की कमरेचे पाणी पाहता पाहता गळ्याशी येते. निघेपर्यंत महिना-दीड महिना हाती असेल, तर त्यांनी शिकवणी लावावी आणि निदान पाठीवर तरंगता येईल इतके तरी शिकावे. नाही जमले, तर त्या वेळी किनाऱ्यावर थांबावे. मुलांनाही सांगून ठेवा की, प्रवाहात सापडल्यास बोर्ड सोडायचा नाही, किनाऱ्याकडे तोंड करून झुंजायचे नाही, बाजूला किनाऱ्याला समांतर सरकत जायचे आणि हात वर करून मदत मागायची.

शाळा निवडताना प्रशिक्षकाकडे आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचे प्रमाणपत्र आणि जीवरक्षणाचे प्रशिक्षण आहे का, हे विचारावे. एका प्रशिक्षकाच्या हाती किती विद्यार्थी असतील, हेही विचारावे. उत्तर देताना जो चाचरतो, त्याच्याकडे जाऊ नये.

कोथरूडकर

सर्वांचे मनापासून आभार. एप्रिलचा शेवट पक्का करत आहोत आणि पत्नीने पोहण्याच्या वर्गाची चौकशीही केली आहे. मुक्काम वाडीत करू. एक शंका उरली: भरती-ओहोटी पाहून तारीख ठरवावी का?

खारेवारे

जरूर ठरवावी. कोकणातला जुना हिशोब असा की, तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, दोन्ही पक्षांत सारखेच, पहाटेही आणि दुपारनंतरही. गोव्याकडे ही वेळ थोडी अलीकडे सरकते, म्हणून नेमकी वेळ तक्त्यात पाहावी. पूर्ण भरतीला लाट थेट चढावाच्या वाळूवर आपटते आणि नवखा माणूस तोंडावर पडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाहही जोरकस असतात. त्यामुळे पंचमीच्या आगेमागे गेलात, तर सात ते नऊच्या दरम्यान पाणी मध्यम पातळीवर मिळेल आणि पायाखाली सपाट वाळू असेल. पाणी त्या वेळी उतरत असते, तेव्हा दर काही मिनिटांनी किनाऱ्यावरची एखादी खूण पाहून आपण कुठे आहोत, हे तपासत राहावे.

आणखी एक. बोर्ड घेऊन पाण्यात शिरताना तो आपल्या आणि येणाऱ्या लाटेच्या मध्ये आडवा धरू नये, कुशीला धरावा, आणि घोट्याला बांधायचा पट्टा हाताच्या बोटांना कधीही गुंडाळू नये. पहिल्या दिवशी मुलांकडून हे वाळूवरच दोन-तीनदा करून घ्या.