चुलत्यांच्या विहिरीजवळ बोअर घ्यावा का?

प्रश्न : मोसंबी_अंबड

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात आमची साडेचार एकर जमीन असून दोन एकरांवर मोसंबीची बाग आहे. आमच्या विहिरीचे पाणी मार्चअखेर तळाला जाते आणि आंबे बहाराची (मोसंबीच्या हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची) फळे गोटीएवढी असतानाच टँकर आणावा लागतो. 2012-13 च्या दुष्काळात वाळलेली जुनी बाग वडिलांनी स्वतःच्या हाताने तोडलेली मी पाहिली आहे, म्हणून यंदा पाचशे फुटांचा बोअर घेण्याचे घरात ठरत आले आहे. पाणाड्याने दाखवलेली जागा मात्र बांधाला लागून असून तेथून चुलत्यांची विहीर जेमतेम दीडशे फुटांवर आहे. ती सात परस (एक परस म्हणजे साधारण पुरुषभर उंची) खोल विहीर आजोबांनी खोदली आणि वाटणीत ती चुलत्यांकडे गेली, तरी आमच्या जनावरांना तेथे पाणी पाजायला त्यांनी आजवर कधी नाही म्हटलेले नाही. जमीन माझी आणि पैसाही माझा, हे खरे. पण उद्या त्यांची विहीर आटली तर त्याचा दोष माझ्याकडे येतो की नाही? जाणकारांनी स्पष्ट सांगावे.

उत्तर : खडक_आणि_पाणी

दोष येतो, आणि त्याचे कारण आपल्या पायाखालच्या खडकात आहे. मराठवाड्याचा बहुतांश भाग बेसाल्टचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. त्यातील काळ्या पाषाणात पाणी फारसे मुरत नाही. ते साठते वरच्या मुरमात, मांजऱ्या नावाच्या मऊ खडकात आणि भेगांमध्ये. हे साठे बांध पाहून थांबत नाहीत. विहीर साधारणपणे वरच्या थरातील पाण्यावर जगते. खोल बोअर खालचे थर भेदतो आणि वरच्या भागात केसिंग (भोकाला आतून बसवायचा पाइप) नीट बसवलेले नसेल, तर वरचे पाणी त्याच भोकातून खाली उतरते, म्हणजे मोटार बंद असतानाही शेजारची विहीर उतरू शकते.

कायद्याचेही पाहावे. 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने 60 मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घातलेले आहेत, आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर त्याआधीपासूनच बंधन आहे. पाचशे फुटांचा विचार करण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जाऊन यावे.

उत्तर : बांधावरचा

मी हेच केले होते, म्हणून लिहितो. साडेचारशे फुटांवर दोन इंच पाणी लागले तेव्हा आम्ही पेढे वाटले. शेजारच्या शेतात नात्याने काकू लागणाऱ्या बाई एकट्याने शेती करतात. त्यांच्या विहिरीला एरवी मेपर्यंत पाणी असे. त्या वर्षी होळीलाच त्यांची मोटार हवा ओढू लागली. त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी त्यांनी कर्ज काढून सहाशे फूट बोअर घेतला आणि माझ्या बोअरचे पाणी तुटक येऊ लागले. आज दोघांचेही बोअर उन्हाळ्यात दहा मिनिटे चालतात. त्यांचे कर्ज अजून फिटलेले नाही आणि ते मी करायला लावले, असे मी मानतो. आपल्या चुलत्यांनी कधी नाही म्हटले नाही, असे आपण लिहिले आहे. अशी माणसे विहीर आटल्यावरही काही म्हणणार नाहीत, हे मनात धरून निर्णय घ्यावा.

उत्तर : पाणलोट_कार्यकर्ती

वरील दोन्ही उत्तरे पटली, पण फक्त ‘घेऊ नका’ म्हटल्याने बाग वाचत नाही. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तेथे पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न ठरता घरातील माणसांवर ठरला, माणशी अर्धा एकर भिजेल एवढा. भूमिहीनांनाही वाटा मिळाला आणि ऊस वर्ज्य केला गेला. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारनेही शेतीसाठी बोअर न घेण्याचा नियम केला, आणि तेथे दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरतात. अख्ख्या गावाला जे जमले, ते दोन घरांना अवघड नाही. चुलत्यांच्या विहिरीतील गाळ दोघांनी मिळून काढावा, पाणी दोन्ही घरांच्या शेतांना ठिबकने पाळीपाळीने द्यावे, झाडांच्या आळ्यांत उसाच्या पाचटाचे आच्छादन करावे आणि उरलेल्या पैशांत शेततळ्याचा विचार करावा.

मोसंबी_अंबड

सर्वांचा आभारी आहे. आज सकाळी चुलत्यांबरोबर त्यांच्या विहिरीत दोरीला दगड बांधून सोडला. पाणी साडेतीन परस आहे आणि तळाशी कमरेएवढा गाळ असावा, असे ते म्हणाले. बोअरच्या गाडीवाल्याला दिलेली तारीख मी रद्द केली आहे. गाळ काढण्यासाठी क्रेन कधी लावावी, हे रविवारी दोन्ही घरे बसून ठरवणार आहोत.