प्रतिसाद: कॉल लागतो, पण आवाज एकाच बाजूने

नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या ऑफिसात इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनवर कॉल लागतो, पण समोरच्याचा आवाज येत नाही, आणि फोन बदलूनही फरक नाही असा प्रश्न आलाय. फोनचा दोष वाटत नाही. आधी राउटरमधलं 'सिप एएलजी' (सिप म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडायची पद्धत) बंद करा आणि राउटर रीस्टार्ट करा. हे फीचर पॅकेटमधले (डेटाच्या तुकड्यांमधले) पत्ते मध्येच बदलतं, म्हणून आवाज भलतीकडे जातो.

तरीही तेच झालं तर फ्रीपीबीएक्सच्या (ऑफिसच्या पीबीएक्सचं, म्हणजे फोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर) सिप सेटिंग्जमध्ये बाहेरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) आणि लोकल नेटवर्क बरोबर भरलंय का पाहा. तिथे खाजगी (फक्त ऑफिसच्या आत चालणारा) पत्ता राहिला, तर प्रोव्हायडर (कॉलची सेवा देणारी कंपनी) आवाज त्याच पत्त्यावर पाठवतो आणि तो पोचतच नाही. राउटरमध्ये आरटीपीचे (आवाज वाहून नेणाऱ्या पद्धतीचे) यूडीपी पोर्ट, म्हणजे नेटवर्कची दारं, १०००० ते २०००० पीबीएक्सकडे वळवा, पण फक्त प्रोव्हायडरच्या आयपीसाठी. सिपचा पोर्ट ५०६० सगळ्या जगाला उघडा ठेवू नका, कृपया! कोणीतरी घुसून कॉल करतं आणि रातोरात परदेशी कॉलचं बिल चढतं.

कॉल साधारण ३० सेकंदांनी तुटत असेल तर कारण बहुधा न पोचलेला 'एसीके' (कॉल जोडल्याची पोच देणारा सिप संदेश), उपाय हेच.

जी.७११ वर (आवाज डेटात बदलायची एक पद्धत) एका कॉलला प्रत्येक दिशेने सुमारे ८७ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) धरा. अपलोड भरलं की आवाज तुटतो, म्हणून व्हॉइसला डीएससीपी ४६ (पॅकेटवरची प्राधान्याची खूण) देऊन प्राधान्य द्या.

आणि नागपूरच्या मे महिन्यात राउटर बंद कपाटात ठेवू नका.